आठ मेची टाकी

३ मे १९९९, सोमवार

ही डायरी औषधाच्या दुकानवाल्याने बाबाजींना फुकट दिली. प्रत्येक पानावर वर अरबी, खाली इंग्रजी तारीख. बाबाजींना आकडे वाचता येतात, अक्षरं नाहीत, म्हणून त्यांनी ती माझ्या पुढ्यात टाकली. म्हणाले, "झिला, रोज लिही. तुझं डोकं एका जागेवर बसत नाही, निदान हात तरी बसेल."

तर लिहितो. मी रामेश्वर, वय बावीस, आयटीआय अर्धवट. त्याआधी गोव्यात हॉटेलात, मग सुरतेला, मग कोचीला एका बोटीवर नऊ दिवस. आखातात, अजमानला आलो फेब्रुवारीत. आमची कंपनी बिल्डिंगींच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या धुते. मला घेतलं ते हुशारीवर नाही. फोरमन तय्यबभाईंनी माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "ये अंदर जाएगा." टाकीचं तोंड अरुंद असतं. तेव्हापासून माझं नाव सुतली.

बाबाजी आमच्या बिल्डिंगच्या मेसचे आचारी. चाळीस माणसांचं जेवण करतात. आमच्याच सिंधुदुर्गातले, पण मी त्यांना इथेच भेटलो. पहिला पगार व्हायच्या आधी दीड महिना मी जेवलो, त्यांनी एकदाही विचारलं नाही. आजवर एवढ्या गावांतून फिरलो, मी जेवलो की नाही हे मोजणारं माणूस इथेच मिळालं.

५ मे, बुधवार

आज सात टाक्या. पद्धत अशी. सकाळी व्हॅनमध्ये बसल्या बसल्या सगळ्या टाक्यांची कार्डं भरायची. तारीख, टाकीचा नंबर, खाली सही. गच्चीवर पोचलं की आधी कार्ड चिकटवायचं, मग कॉक बंद, टाकी रिकामी, आत उतरून ब्रश, क्लोरीन, पुन्हा पाणी. म्हणजे धुतल्याचं कार्ड धुण्याआधी लागतं. मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं. तय्यबभाई म्हणाले, "गीले हाथ से कलम चलेगी? गीली टंकी पे कार्ड चिपकेगा? यल्ला, चलो." बरोबरच आहे. नगरपालिकेचा माणूस कार्ड बघतो, आत कोण बघतो.

टाकीच्या आत गेलं की बाहेरचा आवाज बंद होतो. आपलाच श्वास मोठा ऐकू येतो. मला आवडतं. पण तिथेही डोकं भटकतंच. आज आत बसून कोचीच्या बोटीवरचं गाणं आठवत होतो, तर वरून बादली हापटून तय्यबभाई, "सुतली, सो गया क्या?"

८ मे, शनिवार

आज शेवटी आमच्याच बिल्डिंगची टाकी होती. गच्चीवर गेलो तर बाबाजींनी जुन्या चादरी पसरून तांदळाचे पापड वाळत घातलेले. टाकीच्या पायापासून पार कठड्यापर्यंत पापडच पापड. खाली येऊन त्यांना सांगितलं तर म्हणाले, "धुवायच्या आधी हाक मार हां, मी येऊन उचलतो. नाहीतर तुझं सगळं पाणी माझ्या पापडांवर."

वर गेलो, कार्ड चिकटवलं, झाकण काढून बाजूला ठेवलं. आणि तेवढ्यात कठड्यावरून खाडी दिसली. खाडीत एका ढाऊवर, म्हणजे लाकडी गलबतावर, क्रेनने बस चढवत होते! अख्खी बस, खिडक्यांना पडद्यांसकट. आता हे कोण बघणार नाही? खाली उतरलो, पळत धक्क्यावर गेलो. बस हवेत गरगर फिरत होती, एक इराणी खलाशी तिला ओरडून दिशा सांगत होता, जणू तिला कळतंय. पाऊण तास गेला. बस ठेवली तेव्हा ढाऊ एका बाजूला असा झुकला की सगळे "या अल्ला" म्हणाले, मग सरळ झाला. मी टाळ्या वाजवल्या.

तिथूनच व्हॅनचा हॉर्न ऐकला. तय्यबभाईंना शारजाला सामान टाकायचं होतं. बसलो. आपली टाकी राहिलीच. घरचीच आहे, उद्या करू.

बस कुठे चालली होती हे विचारायचं राहिलं.

९ मे, रविवार

शारजात दिवसभर. रात्री जेवताना सगळे पंगतीत बसलेले. बाबाजी वाढता वाढता म्हणाले, "टाकी झाली काय रे आपली?"

तय्यबभाई शेजारीच. मी म्हटलं, "झाली की. कार्ड लावलंय."

"हां," बाबाजी म्हणाले, "कार्ड बघितलंय मी." आणि मला दुसरा बांगडा वाढला.

उद्या सकाळी लवकर उठून करून टाकतो, कोणाला कळणार पण नाही.

११ मे, मंगळवार

काल उठलोच नाही. आज उम्म अल क्वैनला नवीन काम, आठ टाक्या, हात सोलवटले.

बाबाजींना काय झालंय कळत नाही. कालपासून दोन मोठे टोप भरून पाणी उकळतात, गार करून मडक्यात भरतात. किती गॅस जातो! मला म्हणतात, "तू ह्याच पाण्यातलं पी. कूलरकडे जाऊ नको." मी म्हटलं, "का हो? कूलरचं गार असतं." तर त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाले, "तुला माझ्याशी काय बोलायचंय काय?" मी म्हटलं, "कसलं?" आणि तेवढ्यात बाहेर कोणीतरी घुबड पकडलंय म्हणून आरडाओरडा झाला, मी धावलो. घुबड नव्हतं, दुसराच कुठला पक्षी होता, डोळे मात्र तसेच.

म्हातारपणी माणूस घाबरट होतो. पण मायेने सांगतात म्हणून मडक्यातलंच पितो.

१५ मे, शनिवार

वर्ल्ड कप सुरू. खालच्या हॉलमध्ये टीव्ही, टीव्हीच्या शेजारी पाण्याचा कूलर. तीस-पस्तीस माणसं घामाघूम होऊन ओरडतात आणि कूलर रिकामा करतात. बाबाजी मडकं उचलून हॉलमध्ये आणून ठेवतात, "हे प्या रे, हे प्या." विजयकुमार म्हणाला, "बाबाजी, आम्ही काय बाळंतीण आहोत, उकळलेलं प्यायला?" सगळे हसले. मीही हसलो.

विजयकुमार म्हणजे आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर, सोलापूरचा, माझ्याच खोलीत वरच्या कॉटवर झोपतो. घोरतो, पण मनाने चांगला. मला गाडी शिकवणार आहे, इन्शाल्ला.

आंघोळीच्या पाण्याला वास येतो असं तो म्हणतो. पाइप जुने आहेत.

२० मे, गुरुवार

काल तीन रनांनी मॅच गेली. रात्री विजयकुमारला उलट्या सुरू झाल्या. आम्ही म्हटलं मॅचचा धक्का. पहाटेपर्यंत सहा जणांना. उलट्या, जुलाब, अंगात ताप. संडासापुढे रांग, रांगेतच कोणी खाली बसतोय. विजयकुमारचे डोळे आत गेले, ओठ पांढरे. त्याला दोघांनी धरून दवाखान्यात नेलं, सलाइन लावलंय.

बाबाजींनी पेज केली, मीठ-साखरेचं पाणी केलं, एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने पाजलं. मला म्हणाले, "तुला काय नाही ना? पोट ठीक?" मला काहीच झालं नव्हतं.

२१ मे, शुक्रवार

अकरा जण. त्यातले दोन दवाखान्यात.

२२ मे, शनिवार

नगरपालिकेचे दोघे आले. सरळ किचनमध्ये घुसले. फडकी हुंगली, मासे बघितले, पिठात बोटं घातली. बाबाजींचं हेल्थ कार्ड घेतलं. इथे आचाऱ्याला दरवर्षी तपासणी करून ते कार्ड घ्यावं लागतं, कार्ड नाही तर चूल नाही. किचनला सील लावलं. पापडांची पिंपंसुद्धा नेली.

बाबाजी जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी आल्यापासून त्यांना रिकाम्या हाताने बसलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं. गुडघ्यांवर पीठ पडलेलं तसंच होतं.

२३ मे, रविवार

आज लॅबच्या मॅडम आल्या. आमच्या तोंडून मराठी ऐकलं तर म्हणाल्या, "अरे! तुम्ही कुठले?" त्या पुण्याच्या, नाव प्रज्ञा. त्यांची मुलगी शाळा सुटली म्हणून गाडीतच बसलेली. मी पाणी नेऊन दिलं तर म्हणाली, "इज इट बॉइल्ड?" बाबाजींचीच नात शोभली असती.

मॅडम कोणावर ओरडल्या नाहीत. एकेकाला शेजारी बसवून एकच विचारलं, तू पाणी कुठलं पितोस? एका कागदावर उभी रेघ मारली. एका बाजूला कूलर, एका बाजूला मडकं. जेवण तर सगळ्यांचं एकच होतं. शेवटी कागद मला दिसला. आजारी पडलेले अकराही कूलरच्या बाजूला, मडक्याच्या बाजूला एकही नाही.

"आचारी धरायला सगळ्यात सोपा असतो," त्या म्हणाल्या. "टाकी बघू."

वर गेलो. झाकण लावलेलं होतं, वर एक मोठा दगड. मी झाकण उचललं आणि मागे सरकलो. आत मेलेलं कबूतर. किती दिवसांचं देव जाणे. मॅडमनी नाकाला रुमाल लावून बाटलीत पाणी घेतलं. मग कार्ड वाचलं. "आठ मेला धुतली? कोणी?"

"मी," मी म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं.

"मग कबूतर नंतर पडलं असणार. झाकण कोणी उघडलं?"

आणि तेव्हा मला दिसलं. आठ तारखेला मी झाकण काढून बाजूला ठेवलं होतं. परत ठेवलं नव्हतं.

मी नुसतं बादलीने कबूतर बाहेर काढलं. रिपोर्ट येईपर्यंत टाकी तशीच ठेवा, तिचं पाणी कोणी पिऊ नका, असं बजावून मॅडम खाली गेल्या.

२४ मे, सोमवार

कंपनीच्या मॅनेजरने हिशोब जुळवून टाकला. टाकी आठ मेला स्वच्छ, कार्ड आहे, सही आहे. त्यानंतर गच्चीवर रोज कोण जातं? आचारी, पापड घेऊन. झाकण त्यानेच उघडलं, कबूतर पडलं, घाबरून झाकून वर दगड ठेवला. बाबाजींना विचारलं, दगड तुम्ही ठेवला? ते म्हणाले, "होय. मी ठेवला." एवढंच.

गुरुवारचं विमान. व्हिसा खलास. त्यांची नर्मदा, धाकटी मुलगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अजून दीड वर्ष काढायचं होतं त्यांना इथे.

तय्यबभाईंनी मला व्हॅनमागे नेलं. "सुतली, कार्ड ठीक है ना? बस. मुँह बंद. कार्ड पहले भरने को मैंने बोला था, तू भी जाएगा, मैं भी जाऊँगा. मेरी बेटी शहरबानू की शादी है दिवाली के बाद." त्यांचा आवाज धमकीचा नव्हता. तेच जास्त वाईट.

मी किती गावं सोडली. प्रत्येक ठिकाणी काहीतरी बिघडलं की पिशवी उचलून पुढे. सुरतेत हेच, बोटीवर हेच. आजही पिशवी काढली. आत बनियन टाकले. मग बाबाजी आत आले, म्हणाले, "किचन बंद आहे, पण शेजारच्या कॅफेटेरियात चपात्या सांगितल्यात. जेवलंस काय?"

पिशवी पलंगाखाली ढकलली.

२५ मे, मंगळवार

काम संपल्यावर मॅडमनी परवा जाताना कागदावर लिहून दिलेला पत्ता घेऊन शारजाला गेलो, अल मजाजला. तलावाच्या कडेने उंच बिल्डिंगी. पाण्यात एक माणूस पायाने चालवायची बोट चालवत होता, बदकाच्या आकाराची, आणि ती गोल गोलच फिरत होती. मी बघत उभा राहिलो, मग स्वतःलाच शिवी दिली आणि लिफ्टमध्ये शिरलो.

दार मुलीने उघडलं. आत ओरडली, "मम्मा, देअर्स अ मॅन विथ अ डायरी!"

मॅडम मसाल्याचे हात पुसत आल्या. मी म्हटलं, "आठ तारखेचं पान वाचा. बाकीचं नका वाचू, त्यात तुमचं पण आहे."

त्या उभ्यानेच वाचू लागल्या. बसचं वाचताना त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, मग गेलं. पान उलटलं. मी म्हटलं, "मॅडम, आठच." तरी त्यांनी पुढची दोन पानं वाचली.

"रामेश्वर, अकरा तारखेला काय लिहिलंयस, ते तू स्वतः परत वाचलंस?"

"नाही. त्यात काय आहे?"

"वाच." आणि डायरी परत दिली. मग म्हणाल्या, "हे मला लेखी लागेल. पानाची कॉपी चालेल, पण सही तुझी. माहीत आहे ना काय होऊ शकतं?"

"घरी पाठवतील."

"कदाचित. मी रिपोर्टमध्ये कार्ड आधी भरायची पद्धत लिहिणार आहे. चूक एकट्याची नाही, पण झाकण तुझं होतं. खोटं नाही लिहिणार."

खालच्या दुकानात कॉपी काढली. मी सही केली, या वेळी तारीख बघून. कॉपी हातात देताना मी त्यांना ताई म्हटलं. त्यांनी पोहे खायला घातले. मुलीने, शुभ्राने, विचारलं, "व्हॉट हॅपन्ड टू द बस?" मी म्हटलं, माहीत नाही गं. तिला फार वाईट वाटलं.

परत येताना टॅक्सीत दिव्याखाली अकरा तारीख वाचली. मग नऊ तारीख. मग पुन्हा अकरा.

२७ मे, गुरुवार

विमान गेलं, बाबाजी नाही गेले. दुपारी सील काढलं, हेल्थ कार्ड परत आलं. नगरपालिकेने कंपनीला लिहिलं, कार्डावर सही आता टाकी भरल्यावर, बिल्डिंगच्या एका माणसासमोर. तय्यबभाईंना ताकीद. माझं महिनाअखेरीस ठरेल म्हणतात. पगार मात्र कापला, दोनशे दिरहम, म्हणजे तेवीसशेच्या वर रुपये. तय्यबभाई दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी व्हॅनमध्ये पाण्याची बाटली पुढे केली, "ले, पी. उबला हुआ है."

विजयकुमार परत आला. अर्धा झालाय. त्याला सगळं सांगितलं. "मरत होतो रे मी," म्हणाला. मग वरच्या कॉटवरून खाली वाकून, "बस खरंच पडद्यांसकट होती?"

मी रडलो. तो घोरायला लागला. त्या घोरण्याचे उपकार वाटले.

२८ मे, शुक्रवार

सुट्टी. बाबाजी किचन घासत होते. मी पण घासायला बसलो. शेवटी विचारलं, "तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"होय."

"कसं?"

ते हसले. "आठ तारखेला संध्याकाळी वर गेलो. कार्ड लागलेलं. खाली माझे पापड सगळे कोरडे. एकसुद्धा भिजला नव्हता. टाकी धुतली असती तर त्यांची खीर झाली असती. तू मला हाकही मारली नव्हतीस."

"आणि झाकण?"

"ते पलीकडच्या बाजूला, मला त्या दिवशी दिसलंच नाही. दहा तारखेला सापडलं. खालूनच हात उंचावून तोंडावर सरकवलं, वर दगड ठेवला. आत बघायला वर चढावं लागतं, गुडघ्यांनी चढवत नाही."

"मग सांगितलं का नाहीत? मॅनेजरला तरी?"

"दोनदा विचारलं मी तुला. तय्यब होता तेव्हा, आणि एकटा होतास तेव्हा." त्यांनी टोप उपडा केला. "तिसऱ्यांदा ओरडून विचारायला पाहिजे होतं. अकरा पोरं पडली ती तुझ्यामुळे, आणि थोडी माझ्यामुळे. मला वाटलं, पाणी उकळलं की भागेल. तू आपणहून सांगशील, म्हणून थांबलो."

"आणि मी सांगितलंच नसतं तर? विमान होतं तुमचं."

"सांगितलंस ना," ते म्हणाले. "आता वर जा. पाणी बंद केलंय. प्रज्ञाबाई चार वाजता बाटली घेऊन येणार आहेत."

वर गेलो. पुन्हा सगळी गच्ची पांढरी. पिंपातले गेले म्हणून पहाटे उठून नवीन घातलेले, टाकीच्या पायापर्यंत. कार्ड खिशात कोरंच ठेवलं. खाडीवर कसलीतरी क्रेन चालू होती, हवेत काहीतरी मोठं फिरत होतं. मी तिकडे पाठ केली आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून जोरात हाक मारली,

"बाबाजीनू, पापड उचला! टाकी धुतोय!"